आधी जनरेटर वर न्या, पाटी नंतर लावा

आपल्याकडे पूर ओसरल्यावर पहिले पंधरा दिवस माणसं फार चांगली वागतात. जुलै २०२१ मध्ये चिपळूण, खेड, महाड इथे हे सगळ्यांनी पाहिलं. मोहल्ल्यातली पोरं फावडी घेऊन बाहेर पडली. मुंबईहून टेम्पो भरून पाणी, बिस्किटं, ब्लँकेटं आली. कुवेत-दुबईतून पैसे आले. चिखल काढताना कोणी कोणाची जात-जमात विचारली नाही. त्या पंधरा दिवसांबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं भांडण आहे ते चौथ्या महिन्याशी.

चौथ्या महिन्यात मीटिंग बसते. विषय असतो बंद पडलेलं ट्रस्टचं रुग्णालय पुन्हा उभं करण्याचा. पहिला प्रश्न निघतो, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं? दुसरा, कोणत्या मजल्याला कोणाच्या मरहूम वडिलांचं नाव द्यायचं? वीज कुठून येणार, पाणी चढलं तर ऑपरेशन थिएटरचं काय, रात्रपाळीची नर्स रुग्णाला कोणत्या जिन्यानं वर नेणार, हे कोणी विचारलं तर उत्तर मिळतं, "ते कॉन्ट्रॅक्टर बघेल."

म्हणून स्पष्टच लिहिते. आपत्तीत बंद पडलेलं रुग्णालय जुन्याच जागी, जुन्याच नकाशावर, नवा रंग आणि नवी पाटी लावून उभं करणं याला मी खिदमत म्हणत नाही. त्यात दात्यांचा पैसा दुसऱ्यांदा पाण्यात जातो. आणि पुढच्या पुराच्या दिवशी जो रुग्ण तिथल्या खाटेवर असेल त्याचा विश्वासघात होतो.

मी रुग्णालयांतली उपकरणं दुरुस्त करते. मॉनिटर, ऑटोक्लेव्ह, ईसीजी मशीन, व्हेंटिलेटर. त्यामुळे रुग्णालयाकडे मी कमानीकडून पाहत नाही, मेन पॅनेलकडून पाहते. हा लेख त्या बाजूनं लिहिला आहे.

रुग्णालय मरतं कुठे?

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठी आणि शिव या नद्या शहरात शिरल्या, बाजारपेठेत माणसं पहिल्या मजल्यावर अडकली. कोविडची दुसरी लाट अजून पुरती ओसरली नव्हती. पाण्यानं वेढलेल्या एका कोविड रुग्णालयातले ८ रुग्ण त्या वेळी दगावले. वीज गेली आणि व्हेंटिलेटर बंद पडले, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. कोणाची जबाबदारी किती, हे ठरवायला मी बसलेली नाही. मला त्यातली एकच गोष्ट पुढे ठेवायची आहे. इमारत कोसळली नव्हती. भिंती, छत, खाटा जागेवर होत्या.

रुग्णालय असंच मरतं. आधी वीज जाते. मग जनरेटर सुरू होतो, आणि तो जमिनीलगत शेडमध्ये असेल तर अर्ध्या तासात त्याच्यात पाणी जातं. मेन पॅनेल जिन्याखाली असतं, तेही जातं. यूपीएसची बॅटरी थोडा वेळ खेचते. ऑक्सिजनचे सिलिंडर तळमजल्याच्या मागच्या खोलीत, औषधांचं दुकान तळमजल्यावर, एक्स-रे तळमजल्यावर, रेकॉर्ड रूम तळमजल्यावर. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी, जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी. वरचे दोन मजले कोरडे ठणठणीत असतात, पण तिथे आता फक्त खाटा आणि अंधार उरलेला असतो.

हे फक्त पुराचं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ ऑलिव्ह व्ह्यू नावाचं सार्वजनिक रुग्णालय आहे. त्याची नवी इमारत १९७१ च्या भूकंपात मोडली. तिथल्या लोकांनी धडा घेतला, रुग्णालयांसाठी वेगळा कायदा आला, आणि नवी इमारत अतिशय मजबूत बांधली. १९९४ मध्ये पुन्हा मोठा भूकंप झाला. इमारत जागची हलली नाही. पण आतले पाण्याचे पाइप फुटले, पाणी सगळीकडे शिरलं आणि रुग्णांना बाहेर काढावं लागलं. सांगाडा टिकला तरी रुग्णालय बंद पडलं. रुग्णालयाच्या एकूण किमतीत खांब, तुळया आणि स्लॅबचा वाटा लहान असतो. मोठा वाटा असतो तो यंत्रं, वायरिंग, पाइप आणि गॅसच्या लाइनचा. आपला सगळा जोर मात्र खांबांवर आणि बाहेरच्या काचेवर.

"शंभर वर्षांतून एकदा" म्हणजे किती वेळा?

जागेचा विषय निघाला की ट्रस्टी म्हणतात, "असा पूर शंभर वर्षांत एकदाच येतो." चिपळूण-महाडमध्ये २६ जुलै २००५ ला पूर आला होता. त्यानंतर २०२१ ला आला. मध्ये १६ वर्षं. २००५ मध्ये जन्मलेलं मूल २०२१ मध्ये दहावीला होतं.

तरीही हिशोब करून पाहू. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध असतात. "२५ वर्षांतून एकदा" याचा अर्थ दर वर्षी ४ टक्के शक्यता. रुग्णालयाची इमारत आपण निदान ५० वर्षांसाठी बांधतो. निळ्या रेषेवरच्या जागेत त्या ५० वर्षांत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता होते ८७ टक्के. लाल रेषेवर जा, दर वर्षी १ टक्का, तरी ५० वर्षांत ती जवळपास ४० टक्के होते. हे गणित अकरावीच्या पोराला येतं. मीटिंगमध्ये ते कोणी मांडत नाही एवढंच.

चिपळूणमध्ये पूररेषा जाहीर झाल्यावर लोकांनी विरोध केला, आणि तो मला समजतो. शहराचा मोठा भाग रेषेत आला. दुकान, घर, पिढ्यांची जागा यांच्यावर निर्बंध आले तर माणूस ओरडणारच. आधी नदीतला गाळ काढा, ही त्यांची मागणी रास्त होती, आणि आंदोलनामुळे गाळ काढण्याचं काम सुरूही झालं. पण दुकानाचा नियम रुग्णालयाला लावू नका. पुराच्या दिवशी दुकान बंद ठेवता येतं. रुग्णालय त्याच दिवशी चालू पाहिजे.

खरं तर त्यानंतरचे तीन आठवडे ते जास्तच चालू पाहिजे. पूर ओसरला की लेप्टो येतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईनं तो पाहिला, कोकणाला तो नवा नाही. विंचू-साप घरात शिरतात. डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा मशीन लागतंच, पाणी उतरेपर्यंत त्याचं शरीर थांबत नाही. बाळंतपणही थांबत नाही.

आणि जागा बदलायची म्हणजे उंचावर न्यायचं, एवढं ते सोपं नाही. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली आणि ८० हून अधिक माणसं गेली. टेकडीच्या पायथ्याशी जागा फुकट मिळाली म्हणून घ्यायची नाही. भूवैज्ञानिकाकडून तपासून घ्यायची. रुग्णालय कोरडं राहिलं पण तिथे जाणारा रस्ता बुडाला, तर तेही बेटच. रस्त्याची उंचीही मोजायची.

पॅनेल परत जिन्याखालीच

खाडीकाठच्या एका तालुक्यात ट्रस्टचं छोटं रुग्णालय आहे. नाव घेत नाही, कारण मुद्दा त्या एकाच रुग्णालयाचा नाही. २०२१ मध्ये तिथे तळमजल्यावर पुरुषभर पाणी होतं. पाणी उतरल्यावर मी मशीन बघायला गेले. काही मॉनिटर कोणीतरी पुसून, उन्हात ठेवून, थेट प्लगला लावले होते. जे कदाचित वाचले असते तेही त्यामुळे जळले. खाडीचं पाणी खारट असतं, त्यात गाळ असतो. मशीन आधी स्वच्छ पाण्यानं आणि योग्य द्रावणानं धुवावं लागतं, पूर्ण वाळवावं लागतं, इन्सुलेशन तपासावं लागतं, मगच वीज द्यायची.

वर्षभरानं तिथे नवं काम झालं. टाइल्स सुंदर. रिसेप्शनला ग्रॅनाइट. आणि मेन पॅनेल परत जिन्याखाली, त्याच कोनाड्यात. मी एका बुजुर्ग ट्रस्टींना म्हटलं, "चाचा, हे निदान पहिल्या मजल्यावर तरी घ्यायला हवं होतं." ते म्हणाले, "बेटा, जुनी पाइपलाइन तिथूनच होती. वर घेतलं असतं तर दोन महिने अजून गेले असते. उद्घाटनाची तारीख ठरलेली होती."

चाचा वाईट माणूस नाहीत. स्वतःच्या खिशातून त्यांनी किती दिलं ते मला माहीत आहे. पण तारीख कार्यक्रमाची होती आणि पॅनेल रुग्णांचं होतं, आणि जिंकली तारीख.

चार सबबी

पहिली सबब: पैसे नाहीत. आरोग्य संघटनांचा अंदाज असा आहे की नवं रुग्णालय बांधताना आपत्तीचा विचार सुरुवातीपासून केला तर खर्च साधारण ४ टक्क्यांच्या आसपास वाढतो. १ कोटीच्या कामात ४ लाख. बाहेरची काच, कमान आणि उद्घाटनाचा मंडप यांचं बिल काढून बघा. आणि पैसे खरंच कमी असतील तर मजले कमी करा. २० खाटांचं रुग्णालय, जे पुरातही चालतं, ते ५० खाटांच्या बुडणाऱ्या रुग्णालयापेक्षा मोठं आहे.

दुसरी सबब: घाई आहे, लोकांचे हाल होतायत. हाल होतात हे खरं. म्हणून दुसऱ्याच आठवड्यात उंचावरच्या शाळेत, शादीखान्यात, मदरशाच्या हॉलमध्ये तात्पुरती ओपीडी सुरू करा. इमारतीची घाई नको. भुजचं उदाहरण घ्या. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात तिथलं सरकारी रुग्णालय कोसळलं, आतले रुग्ण आणि कर्मचारी गेले. नवं रुग्णालय उभं राहायला तीन वर्षं लागली, तोवर तात्पुरत्या रचनेत उपचार चालू होते. २००४ च्या जानेवारीत जे सुरू झालं ते साधं रुग्णालय नव्हतं. इमारत आणि पाया यांच्यामध्ये रबर आणि शिशाचे जाड बेअरिंग बसवले आहेत. जमीन हलली तरी इमारतीला बसणारा धक्का त्यामुळे बराच कमी होतो. हे तंत्र न्यूझीलंडमधून आलं. त्याला सरकारची तिजोरी आणि पंतप्रधान मदत निधीचा पैसा होता, आपल्या ट्रस्टला ते परवडणार नाही, हे मान्य. पण त्यांनी आधी "का कोसळलं" हा प्रश्न विचारला आणि मग नकाशा काढला. तो क्रम फुकट आहे.

आपण कोकणातले लोक भूकंप विसरतो. कोयनेचा १९६७ चा भूकंप घाटाच्या पलीकडेच झाला होता. भारतीय मानक संस्थेच्या नियमानुसार रुग्णालयाची इमारत साध्या घराच्या दीडपट भूकंपबल धरून डिझाइन करायची असते. तुमच्या आरसीसी कन्सल्टंटला विचारा, हे धरलं आहे का? तो गोंधळला तर कन्सल्टंट बदला.

तिसरी सबब: हे सरकारचं काम आहे. सरकारचं काम आहेच. उपजिल्हा रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र पुरात चालू राहिलंच पाहिजे, आणि त्यासाठी नगर परिषदेत, जिल्हाधिकारी कार्यालयात, गरज पडली तर रस्त्यावर भांडायचं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१६ मध्ये रुग्णालयांच्या सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. आपल्या तालुक्यातल्या सरकारी रुग्णालयात ती लागू झाली का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. पण जे सरकारकडून मागायचं ते स्वतःच्या ट्रस्टमध्ये आधी करून दाखवा. नाहीतर कलेक्टर साहेब विचारतील, "तुमचा जनरेटर कुठे आहे?"

चौथी सबब सगळ्यात हळू आवाजात येते: अल्लाहची मर्जी. पाऊस त्याच्या मर्जीनं पडतो, कबूल. जनरेटर तळमजल्यावर ठेवण्याचा ठराव मात्र ट्रस्टच्या मीटिंगमध्ये पास झाला होता, सह्या आपल्या होत्या. आधी उंट बांधा आणि मग तवक्कुल करा, ही तालीम आपल्याला लहानपणी मकतबमध्येच मिळालेली असते.

इमारा आधी

आपल्याच परंपरेत या प्रश्नाचं उत्तर आहे आणि आपण ते विसरलो. वक्फच्या फिकहमध्ये एक जुना नियम आहे. वक्फच्या उत्पन्नातून पहिला खर्च देखभालीवर करायचा. त्याला "इमारा" म्हणतात. वक्फ करणाऱ्यानं तसं लिहून ठेवलं नसलं तरी हनफी फकीह हा खर्च आधी धरतात, कारण वास्तू टिकली नाही तर लाभ कोणाला मिळणार? आपला "इमारत" हा शब्द त्याच शब्दातून आला आहे. आज आपल्याला त्यातून फक्त बांधकाम ऐकू येतं. मूळ अर्थात जागतं ठेवणं, वसतं ठेवणं हेही आहे.

कैरोमध्ये सुलतान कलाऊननं १२८४-८५ मध्ये एक मोठं रुग्णालय बांधलं, बिमारिस्तान. श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष, शहरातला-परदेशी, सगळ्यांसाठी. १३०३ च्या भूकंपात त्या संकुलाच्या मिनाराचं नुकसान झालं, ते त्याच्या मुलानं दुरुस्त केलं. आजही त्या आवारात डोळ्यांचं रुग्णालय आहे. नुसत्या दगडी भिंतींवर इतकी शतकं निघत नाहीत. दुकानं, बाजार यांचं उत्पन्न त्या रुग्णालयाच्या नावे लिहून दिलेलं होतं.

आता आपला ताळेबंद उघडा. बांधकाम निधी आहे. उद्घाटनाचा खर्च आहे. देखभाल निधी नावाचं खातं आहे का? जनरेटरचं वार्षिक सर्व्हिसिंग, बॅटऱ्या बदलणं, पंप, छताची गळती, यंत्रांची तपासणी, यासाठी दरवर्षी किती ठेवलं? बहुतेक ठिकाणी उत्तर "लागेल तसं बघू" असं असतं. लागतं तेव्हा पाणी आत असतं.

जकातीचा घोळही इथेच मिटवा. जकात इमारतीसाठी चालत नाही, असं बहुसंख्य उलेमा सांगतात. ती गरजूच्या हातात किंवा त्याच्या वतीनं गेली पाहिजे. म्हणजे गरीब रुग्णाचं बिल जकातीतून भागू शकतं, सिमेंट नाही. सिमेंट, पॅनेल, जनरेटर यांना लिल्लाह, सदका आणि वक्फचं उत्पन्न लागतं. मग खाती वेगळी ठेवा, वेगळी दाखवा. सार्वजनिक न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. हे धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीत येतं. तुमच्या रुग्णालयाला हे लागू आहे का, आणि असेल तर पाळलं जातं का, हे विचारणं म्हणजे ट्रस्टींवर संशय घेणं नव्हे. कौमच्या पैशाचा हिशोब मागणं हा कौमचा हक्क आहे.

विम्याचंही तसंच. "विमा आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. पॉलिसी उघडून बघा, पूर आणि भूकंप दोन्ही आहेत का? रक्कम किती आहे? मालमत्ता २ कोटींची आणि विमा १ कोटीचा असेल तर नुकसान १० लाखांचं झालं तरी कंपनी सरासरीच्या नियमानं निम्मेच देऊ शकते. दहा वर्षांपूर्वीच्या रकमेवर पॉलिसी दरवर्षी तशीच रिन्यू करणारे ट्रस्ट मी पाहिले आहेत.

खोलीत कोण बसलं आहे?

हे निर्णय चुकतात त्याचं एक कारण सरळ आहे. ज्यांना रुग्णालय चालवावं लागतं ते मीटिंगमध्ये नसतात. रात्रपाळीच्या सिस्टरला माहीत असतं की पाणी आधी मागच्या दारातून येतं. आयाला माहीत असतं की स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकतं. वॉर्डबॉयला माहीत असतं की डिझेलची चावी कोणाकडे असते आणि तो माणूस किती लांब राहतो. बाळंतपणाला आलेल्या बाईला माहीत असतं की अंधारात तिला कुठे ठेवलं होतं. यांच्यापैकी एकालाही बोलावलं जात नाही. बाया तर नाहीतच.

शेजारीही नसतात. आपण ज्याला "आपलं" रुग्णालय म्हणतो तिथे कुणबी, मराठा, बौद्ध, कोळी सगळे येतात, आणि आले पाहिजेत. बंद पडतं तेव्हा त्यांचेही हाल होतात. मग सल्लागार समितीत ते का नसावेत? ज्या रुग्णालयासाठी सगळा तालुका भांडेल त्याला नगर परिषद रस्ता उंच करून देईल. फक्त एका जमातीच्या पाटीखाली ते कोपऱ्यात ठेवलं तर आपणच त्याला एकटं पाडलं.

महाडसारख्या गावात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर जे काम केलं ते जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं. ते काचेच्या इमारतीतून झालं नाही. रुग्णाजवळ रात्रभर बसून नोंदी ठेवण्यातून झालं. आपत्तीनंतर नर्सला दोन महिने पगार मिळाला नाही तर ती मुंबईला निघून जाते, आणि नंतर कितीही ग्रॅनाइट लावा, ती परत येत नाही. पुनर्बांधणीच्या बजेटमध्ये पहिली ओळ पगाराची हवी.

तुम्ही काय करायचं

हे वाचणारे बहुतेक जण विशी-तिशीतले आहेत. तुमच्यात डिप्लोमा झालेले इलेक्ट्रिशियन आहेत, सिव्हिल इंजिनिअर आहेत, नर्सिंग शिकणाऱ्या मुली आहेत, सीएची आर्टिकलशिप करणारे आहेत. जमातच्या मीटिंगमध्ये तुम्हाला खुर्च्या मांडायला बोलावतात. खुर्च्या मांडा, आणि त्यातल्या एकीवर बसा. आणि हे विचारा.

जागा पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे, नकाशा दाखवा. २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं, भिंतीवर खूण करा. मेन पॅनेल, जनरेटर आणि ऑक्सिजन त्या खुणेच्या किती वर आहेत? जनरेटर उंच जोत्यावर असला तरी डिझेल कुठे साठवणार, धूर कुठून जाणार? एक्स-रे वर न्यायचा तर स्लॅब ते वजन पेलेल का, भिंतीची जाडी आणि एईआरबीची परवानगी यांचं काय? रुग्णांचे कागद फक्त तळमजल्यावरच्या कपाटात आहेत की त्यांची प्रत दुसरीकडेही आहे? देखभाल निधीत दरवर्षी किती जाणार? पाणी चढायला लागलं तर रुग्ण कोणी, कधी, कुठे हलवायचे, हे लिहून ठेवलं आहे का, आणि जून महिन्यात त्याची तालीम होते का?

उत्तरं लेखी मागा. मिळाली नाहीत तर घरातल्या मोठ्यांना, आखातातल्या मामू-चाचांना सांगा की उत्तरं येईपर्यंत चंदा थांबवा. हे ऐकायला बरं वाटणार नाही. चंदा थांबवण्याची गोष्ट आपल्यात कोणी करत नाही. पण ट्रस्ट दात्याचं ऐकतात, आणि दात्याला कोणी हे प्रश्न शिकवलेले नाहीत. त्याला वाटतं, खोलीवर नाव आलं म्हणजे सवाब पोचला. त्याला सांगा की सदका जारिया म्हणजे जे चालू राहतं ते. बंद पडलेल्या जनरेटरच्या शेडवर मरहूम वालिदांचं नाव कशाला हवं?

नाव द्यायचंच असेल तर त्यालाही माझा विरोध नाही. पहिल्या मजल्यावर हलवलेल्या मेन पॅनेलच्या दारावर द्या. पुरातही उघडणाऱ्या जिन्यावर द्या. देखभाल निधीच्या पासबुकावर द्या. पुढच्या जुलैत रात्री दोन वाजता वीज गेली आणि व्हेंटिलेटर चालू राहिला, तर ते नाव कोणी वाचणार नाही. रुग्ण मात्र सकाळी घरी फोन करेल.